गुणाजी तांडेल कसा बुडाला

पुनाजी मोंडकर आमच्या ओट्यावर बसून तिसरी वाटी पेज प्याला, त्याने तोंड पुसलं आणि माझा नवरा कसा मेला ते सांगायला सुरुवात केली.

मी दाराआड उभी होते. ओट्यावर सासूबाई, थोरले भावजी आणि अर्धी वाडी जमली होती. पुनाजीचे ओठ खाऱ्या पाण्याने फुटले होते आणि गुडघे खडपाच्या दगडांवर सोलवटून निघाले होते. दोन दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने चालत तो गावात पोचला होता.

"लाट इली ती माडायेवडी," पुनाजी म्हणाला. "पण तांडेल काय सुकाणू सोडूक तयार नाय. माका म्हणालो, पुनाजी, तुमी उडये मारा, मी पडाव सांबाळतंय. आणि मगे म्हणालो, घराकडे पोचलंस तर माझ्या मथुरेक सांग, मी तिची याद काढलंय."

सासूबाईंनी हंबरडा फोडला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मीही रडतच होते, पण शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं रडणं मध्येच अडकलं.

मथुरा म्हणजे मी. आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत माझ्या नवऱ्याने माझं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. "अगो" म्हणायचा. फार लाडात आला तर "आयकलंस काय" म्हणायचा. चार माणसांत मला हाक मारायची वेळ आली की मांजराला हाक मारायचा आणि मी समजून घ्यायचे. असा माणूस बुडताना परक्या पुरुषापुढे बायकोचं नाव घेईल? पुनाजी खोटं बोलत होता. किती खोटं, एवढाच प्रश्न होता.

ही गोष्ट मी चोवीस वर्षांची असतानाची. आता साठी उलटली आहे. लहानपणी मिशनच्या बाईंनी शिकवलेली अक्षरं अजून हातात आहेत आणि ज्यांना लाज वाटली असती ते सगळे गेले आहेत, म्हणून लिहिते.

आमचं गाव कांदळवेळ. खाडीच्या तोंडाशी वसलेलं, पन्नासेक घरांचं. त्या वर्षी रवळनाथाच्या देवळावर मंगळुरी कौलं घालायची असं गावाने ठरवलं. त्याआधी देव गवताखाली राहत होता, आमच्यासारखाच. कौलं आणायला माझा नवरा, गुणाजी कुबल, शिडाचा पडाव घेऊन गेला. तो तांडेल, म्हणजे पडावावर त्याचा शब्द शेवटचा. बरोबर पुनाजी, स्वयंपाक करणारा बाबल तारी आणि खाडीपलीकडच्या दालदी, म्हणजे मुसलमान कोळ्यांच्या, वाडीतला इस्माईल. काम सहा माणसांचं होतं, पण बाकीचे दोघे तापाने पडले म्हणून चौघेच निघाले. येताना माघातल्या वादळाने पडाव खडपावर आपटला. एवढं तिघांच्याही बोलण्यात सारखं होतं. पुढचं प्रत्येकाचं वेगळं.

बाबल तीन दिवसांनी आला. चालत नव्हे, दोन गावं सोडून राहणाऱ्या रापणकर मच्छीमारांनी त्याला डोलीत घालून आणला. अंगात ताप होता. मी त्याच्याकडे पेज घेऊन गेले. त्याची बायको पाणी भरायला गेली होती, आणि माझं तोंड बघताच बाबल रडायला लागला.

"वयनी, आमी तेका डोलकाठयेक बांदलो," तो म्हणाला.

"कोणाक?"

"तांडेलाक. पडावात पाणी भरूक लागला. पुनाजी म्हणालो, कौलां टाकूया, वजन कमी होतला. तांडेल म्हणालो, देवाच्या कौलांक हात लावशात तर हात तोडून टाकीन. आणि कोयतो घेवन कौलांवर जावन बसलो. मगे पुनाजीन मागसून धरल्यान, मी पाय धरलंय. आमी तेका बांदलो, वयनी. आणि पडाव फुटलो तेव्हा तो बांदलेलोच होतो."

सुकाणूवरचा तो वीर मी खोटा मानला होता, पण त्या जागी हे येईल असं वाटलं नव्हतं. माझा माणूस डोलकाठीला बांधलेला, पाणी चढत चाललेलं, आणि देवाच्या कौलांची राखण करत बसला म्हणून बांधलेला. हे मात्र अगदी त्याच्यासारखं होतं. हट्टाला पेटला की तो दगडाहून दगड.

"तुमी तेका बुडताना बघलास?" मी विचारलं.

"पाण्यात कोण कोणाक बघता? पण हात बांदलेलो माणूस पवतलो कसो?"

तेवढ्यात त्याची बायको कळशी घेऊन आली आणि तिने मला जवळजवळ हाकललंच. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर बाबल पुनाजीचीच गोष्ट सांगू लागला. लाट, सुकाणू, उड्या मारा. माझं नाव घेतल्याचंही पाठ झालं होतं. मी भावजींना खरं सांगितलं तर ते म्हणाले, "तापातला बोलणा मनार घेव नको." मला कळलं की गाव पुनाजीची गोष्ट मानणार. ती चांगली होती ना. तिच्यात कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

पाचव्या दिवशी इस्माईल आला. घरी पोचून त्याला दोन दिवस झाले होते, पण तो आपण होऊन आला नाही. सोमा गावकराने त्याला निरोप पाठवून बोलावलं. सोमा म्हणजे आमच्या पंचांचा पुढारी, देवळाचं काम त्याच्याच अंगावर. देवळापुढच्या पटांगणात, झाडाखाली, सगळ्यांसमोर इस्माईल उभा राहिला. उंच, हाडकुळा, कोणाच्या तोंडाकडे बघून न बोलणारा माणूस. तो चार वाक्यं बोलला.

"पुनाजी आणि बाबलान तांडेलाक बांदल्यान. मी दोरी कापून तेका सोडवलंय. तो पडावाची होडी घेवन एकटोच पळालो. माका आणखी काय म्हायत नाय."

पटांगणात असा गलका उठला की कावळे उडाले. पुनाजी ओरडला, "खोटा! सगळा खोटा!" भावजी मारायला धावले. सासूबाईंनी तर इस्माईलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तांडेलाने पडाव सोडायचा तो सगळ्यांच्या शेवटी. माणसं वर असताना होडी घेऊन पळणं म्हणजे त्या घराण्याच्या हातात पुन्हा कोणी सुकाणू देणार नाही, पोरीबाळींना सोयरिकी मिळणार नाहीत. इस्माईल परत फिरला आणि खाडीकडे चालू लागला.

पंचांनी निकाल दिला. दोन साक्षी म्हणतात तांडेल मेला, एक म्हणतो पळाला. दोघांनी नारळावर हात ठेवून शपथ घेतली आहे. तेव्हा तांडेल मेला.

मी मात्र घरी येऊन चुलीपुढे बसले आणि माझ्या मनात जे आलं त्याची मला स्वतःलाच भीती वाटली. पुनाजीच्या गोष्टीत माझा नवरा देवमाणूस होता आणि मेलेला होता. बाबलच्या गोष्टीत हट्टी होता आणि मेलेला होता. फक्त इस्माईलच्या गोष्टीत तो पळपुटा होता. आणि पळपुटा म्हणजे जिवंत असू शकणारा.

सासूबाईंना चांगला मुलगा हवा होता. मला जिवंत नवरा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती लागायच्या आत, मी तरीच्या होडीत बसून खाडी ओलांडली. सुतकातली बाई एकटी दालदी वाडीत गेली, ही बातमी माझ्याआधी घरी पोचणार हे मला ठाऊक होतं. इस्माईल अंगणात जाळं शिवत होता. त्याच्या आईने मला पाट दिला आणि ती दाराशी उभी राहिली.

"तुमी माका गाळी देवक इलास?" इस्माईलने विचारलं.

"नाय. सगळा सांगा. पयल्यापासून."

तो जाळ्याकडे बघतच बोलायला लागला आणि बोलता बोलता त्याचा आवाज वाढत गेला.

"ते दोगे पाठल्या बाजूक कौलां टाकी होते. मी गुपचूप गेलंय आणि दोरी कापलंय. माका वाटला, तांडेल मोकळो झालो म्हणजे काय तरी वाट काढतलो. तो उठलो. माझ्याकडे बघल्यान पण नाय, वयनी. पाण्याचो पिपो उचलल्यान, होडयेत टाकल्यान आणि होडी सोडल्यान. मी हाक मारलंय. एकदा नाय, तीनदा मारलंय."

"पिपो भरलेलो होतो?"

"काय?"

"पाण्याचो पिपो. भरलेलो होतो काय?"

इस्माईलने सुई खाली ठेवली. "काठोकाठ. आमका चूळ भरूक पण ठेवल्यान नाय."

"आणि वल्ही?"

"वल्ही होडयेतच होती. वल्हवत गेलो. मी बघत होतंय."

मी पदर तोंडाशी धरला, पण त्याच्या नजरेतून माझं हसू सुटलं नाही.

"मी तुमच्या घोवाक पळपुटो म्हणतंय," तो म्हणाला, "आणि तुमी हसतास?"

"माका तो पळपुटोच होयो, भाई," मी म्हणाले आणि मग मला जे रडू फुटलं ते थांबेचना. त्याची आई येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग इस्माईल म्हणाला, "वारो जमिनीवरसून सुटलेलो होतो. होडी भायर, समुद्राकडे गेली असतली. थयसून मोठी गलबतां जातत." एवढं बोलून त्याने पुन्हा जाळं हातात घेतलं. ज्याने त्याला मरायला सोडलं त्याच माणसाच्या बायकोला तो आशा देत होता, हे मला परत येताना तरीत बसल्यावर कळलं.

घरी काय झालं ते सांगत नाही. भावजी ओरडले, सासूबाईंनी चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. "माझो झील असा करूचो नाय," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मी एकदा म्हणाले, "आये, तेना पाणी घेतल्यान. तो जितो आसतलो." तर म्हणाल्या, "असो जितो ऱ्हवण्यापेक्षा मेलेलो बरो." मग त्याही रडल्या. त्यांना वाईट म्हणू नये. त्यांना तसंच शिकवलं होतं.

तेराव्या दिवशी क्रिया ठरली. देह सापडला नाही की आमच्याकडे माणसाचा पुतळा करून जाळतात. पळसाच्या पानांचं अंग, डोक्याच्या जागी नारळ. शेजारच्या गावाहून आपाभट आले. वय झालेलं, डोळ्यांनी अधू, पण पोथीतलं अक्षर न् अक्षर पाठ. पानं मांडता मांडता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मुली, नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबायचं असतं. पण इथे साक्षी आहेत. तुला काय वाटतं?"

"तो पाणी घेवन गेलो, भटजीनू," मी म्हणाले.

ते म्हणाले, "पोथीत पाण्याचं काही लिहिलेलं नाही गो." आणि पळसाचं पुढचं पान उचललं.

नारळाला भावजींनी माझ्या नवऱ्याचं मुंडासं बांधलं. ज्वाळा लागल्या तेव्हा नारळ फुटला आणि बायका किंचाळल्या. माझी काकणं फोडली, कुंकू पुसलं. मी ओरडले नाही, रडले नाही. सगळ्यांना वाटलं धक्का बसलाय. खरं म्हणजे मी चिडले होते. एका जिवंत माणसाला जाळताहेत आणि मला उभं राहून बघायला लावताहेत, अशा रागाने माझे दात वाजत होते.

त्यानंतर मात्र दिवस जायला लागले आणि माझाही धीर सुटत गेला. एक पिपा पाणी किती दिवस पुरतं? समुद्रात ऊन कसं असतं? पस्तिसाव्या दिवशी मी मोजणं बंद केलं.

शिमग्याला आठ दिवस असताना, भर दुपारी, सासूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. मी मागीलदारी होते. त्यांची किंकाळी ऐकून धावत आले तर त्या हातातल्या मिरच्या एकेक करून फेकून मारत होत्या, आणि समोर माझा नवरा उभा होता. काळा ठिक्कर, दाढी वाढलेली, अंगावर कोणा गुजराथी खलाशाचा ढगळ लेंगा.

"आये, मी," तो म्हणाला.

"पाय बघा तेचे! पाय बघा!" सासूबाई ओरडत होत्या. भुताची पावलं उलटी असतात ना. वाडीतली माणसं धावत आली आणि सगळ्यांनी आधी त्याचे पायच बघितले. पावलं सरळ होती. त्यांवर भेगा पडल्या होत्या आणि एका अंगठ्याचं नख गेलं होतं. मला आजही त्याच्या चेहऱ्याआधी ती पावलंच आठवतात. मी इतकी सुंदर पावलं कधी पाहिली नव्हती.

पण भावजींनी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. क्रिया झालेला माणूस घरात कसा घ्यायचा? कोणालाच माहीत नव्हतं. त्याला जाळी ठेवायच्या मांगरात बसवलं आणि आपाभटांना निरोप गेला.

मी भाताचं ताट घेऊन मांगरात गेले. कोणी अडवलं नाही, कारण विधवेने आपल्याच नवऱ्याला जेवायला वाढावं की नाही हेही कोणाला माहीत नव्हतं. तो जेवला. सातव्या दिवशी एका कच्छी गलबताने त्याला उचललं होतं. ते कोचीला जाणारं होतं, मध्ये थांबलं नाही. तिथून मिळेल त्या गलबताने तो परत आला होता. हे सगळं तो ताटाकडे बघून सांगत होता.

"पाण्याचो पिपो तुमी घेतलास मा?" मी विचारलं.

त्याचा घास हातातच राहिला. "कोणी सांगल्यान?"

"इस्माईलान."

"तो जितो आसा?" त्याने ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पुनाजी? बाबल?"

"सगळे जिते आसत."

तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. त्याची पाठ हलत होती. तसाच म्हणाला, "तेना हाक मारल्यान. माका आयकाक इली. पण माझे हातच थांबले नाय. माका मराचा नव्हता, अगो. देवाचा, कौलांचा, कोणाचाच काय आठावला नाय. फकत मराचा नव्हता." मग वर बघून म्हणाला, "आता पंच इचारतले. मी खरा सांगतलंय."

खरं सांगितलं तर काय होणार ते मला दिसत होतं. तो पळाला म्हणून त्याला जमातीबाहेर काढणार. पुनाजी आणि बाबलने देवाची कौलं समुद्रात टाकली, तांडेलावर हात उचलला आणि देवापुढे खोटी शपथ घेतली म्हणून त्यांनाही काढणार. जिवंत परत आलेली तीन माणसं आणि त्यांची तीन घरं. वाळीत टाकलेल्या घराला कोणी विस्तव देत नाही, विहिरीवर येऊ देत नाही. समुद्राने सोडलं त्यांना गाव बुडवणार होतं.

तिसऱ्या दिवशी आपाभट पोथी घेऊन आले. पटांगणात सगळा गाव होता. पुनाजी आणि बाबल एका कडेला, तोंडं उतरलेली. इस्माईललाही बोलावलं होतं. तो झाडाला टेकून हाताची घडी घालून उभा होता. सोमा गावकर म्हणाला, "भटजीनू, आदी जबानी घेवया."

"आधी विधी," आपाभट म्हणाले. "मेलेल्या माणसाची जबानी घेता येत नाही. क्रिया झालेला माणूस परत आला तर काय करायचं ते इथे लिहिलेलं आहे. त्याने पुन्हा जन्मायचं."

"म्हणजे?"

"तुपाच्या हंड्यात बुडवून काढायचा. मग नाळ कापण्यापासून सगळं. बारसं, मुंज असेल तर मुंज. आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न."

सगळं पटांगण एकमेकांकडे बघायला लागलं. माणूस बुडेल एवढं तूप आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मिळून निघालं नसतं. शेवटी हंडाभर पाण्यात गावातलं होतं नव्हतं ते तूप घातलं आणि तेवढ्यावर भागवलं. माझा बत्तीस वर्षांचा दाढीवाला नवरा हंड्यात उकिडवा बसला, भटजींनी मंत्र म्हटले आणि दोघांनी त्याला काखेत धरून उपसला. कोणीतरी म्हणालं, "झील झालो, झील!" आणि पहिलं हसू फुटलं. त्याची बोळकी आत्या नाव ठेवायला पुढे आली. त्याच्या कानात "कुर्र" करायला तिला दगडावर चढावं लागलं. तिने गुणाजी हेच नाव ठेवलं, नवीन लक्षात राहायचं नाही म्हणून. सासूबाईसुद्धा हसल्या. रडत होत्या, पण हसल्या.

सोमा गावकर मात्र हसला नाही. "आता जबानी," तो म्हणाला. "गुणाजी कुबल, पडावार काय झाला? कौलां कोणी टाकली? तू पळालंस काय?"

माझा नवरा उभा राहिला. त्याच्या केसांतून तुपाचं पाणी गळत होतं. त्याने तोंड उघडलं.

"थांब," आपाभट म्हणाले. "सोमा, तू कोणाला विचारतोस?"

"ह्येका. गुणाजीक."

"पडावावर जो गुणाजी होता तो मी या हातांनी जाळला. तुम्ही सगळे हजर होता. हा आत्ता जन्मला. याला जन्मून घटकाही झाली नाही. घटकाभराचं पोर कौलांबद्दल काय सांगणार?"

सोमा पुढे सरसावला. "आणि पुनाजीची शपथ? तेना खोटी शपथ घेतल्यान!"

"काय म्हणाला होता तो? तांडेल मेला. मेलाच की. पंचांनी निकाल दिला, मी अग्नी दिला. शपथ खरी झाली. कोणाला बांधलं असेल, कोण पळालं असेल, तर ते सगळं त्या मेलेल्याबरोबर गेलं. आता उकरून काढायचं असेल तर मला आधी पुतळ्याची राख परत आणून द्या."

मग पुनाजी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "कौलां मी आणतंय," तो म्हणत होता. "पुढच्या हंगामाक. सगळी मी आणतंय." बाबल त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. सोमाने देवळाच्या गवताकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, आणि मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "लग्नाचा बघा मगे." त्यालाही तीन घरं वाळीत टाकायची नव्हती. आता हे सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होतं.

मला नवं लुगडं नेसवलं, नवी काकणं भरली. माझा नवरा समोर उभा राहिला, तूप पुसून काढलेला, अंगाला तरी वास येतच होता. आपाभटांनी मंत्र सुरू केले आणि मध्येच थांबले.

"हिचा बाप नाही ना हयात? मग कन्यादान कोण करणार? आणि ही काही दहा वर्षांची पोर नाही. मुली, तुलाच विचारतो. हा नवरा तुला पसंत आहे?"

पहिल्या लग्नात मी खरोखरच दहा वर्षांची होते. बापाच्या खांद्यावर झोपले होते आणि मांडवात आणून उठवलं होतं. मला तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं, आणि नंतरही कशाबद्दलच कधी विचारलं नव्हतं. आता सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. माझा नवराही बघत होता. मांगरात त्याने जे कबूल केलं होतं ते फक्त मला माहीत होतं, आणि तो घाबरला होता. समुद्रात घाबरला असेल तसाच.

मी मान वर केली. "पसंत-नापसंत मगे सांगतंय," मी म्हणाले. "भटजीनू, पोर जलामला की तेका मोठ्या माणसांच्या पायांवर घालतत मा? ह्येका कोणी घातला नाय."

"खरं आहे," आपाभट म्हणाले. "कोणाच्या पायांवर आधी घालायचा?"

"इस्माईलभाईंच्या."

पटांगणात कुजबूज झाली. भावजी काही बोलणार होते, पण माझा नवरा चालायला लागला होता. तो झाडापर्यंत गेला आणि इस्माईलच्या पायांवर डोकं टेकून तसाच पडून राहिला. किती वेळ ते माहीत नाही. इस्माईलची घडी घातलेले हात सोडायची तयारी नव्हती. तो वरच्या फांद्यांकडे बघत होता. मग हळूहळू त्याचे हात सुटले. त्याने वाकून माझ्या नवऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून उभा केला.

"पोर भारी वजनदार आसा, वयनी," तो मला म्हणाला. आवाज फाटलेला होता. "सांबाळून वाढवा."

सगळं पटांगण हसलं. माझा नवरा परत येऊन समोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं होतं.

आपाभटांनी पुन्हा विचारलं.

"होय," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने म्हणाले की खाडीपलीकडे ऐकू गेलं असेल.